काविळीची माळ

१८ फेब्रुवारी २००७, रविवार

शाळा दरवर्षी आम्हा बायांना डायरी देते आणि दरवर्षी मी ती माझ्या पोरीला, पूर्वीला, देऊन टाकते. यंदा ठेवली. यंदा मी रजेवर आहे, आणि दिवसभर तिसरीच्या पोरांवर ओरडायची सवय असलेल्या बाईनं घरात बोलायचं तरी कुणाशी? माझा नवरा मोहन ऐकतो. पण त्याचं ऐकणं सेक्टर तीसमधल्या त्याच्या लॅबच्या यंत्रांसारखं, काटा हलला तर हलला.

तर आज लिहायला कारण चांगलं आहे. पूर्वीचं आणि अंशुमनचं जुळलं! बहीण-भावाच्या रक्तातल्या सहाच्या सहा खुणा जुळल्या. डॉ. हेरंब देशकरांनी स्वतः बाहेर येऊन सांगितलं. ते नागपूरचे. एवढ्या मोठ्या हॉस्पिटलात आपल्या भाषेतला माणूस भेटला, हीच मला अर्धी देवाची कृपा वाटते. म्हणाले, "काकू, लॉटरी लागली तुम्हाला. सख्ख्या भावंडांतही असं चारात एकदाच जुळतं."

पूर्वीला झालंय ते अप्लास्टिक अ‍ॅनिमिया. डिसेंबरात पायावर निळे डाग दिसले तेव्हा मी तिलाच रागावले, खो-खो खेळताना धडपडतेस म्हणून. मग नाकातून रक्त आलं ते थांबेचना. हाडांच्या आत रक्त तयार होतं, तिथलं कामच बंद पडलंय. आता अंशूच्या हाडांतलं बियाणं काढून तिच्या अंगात पेरायचं. एप्रिलमध्ये करू म्हणाले.

अंशू घरी आला तेव्हा मी शिरा केला होता. चौदा वर्षांची बहीण आणि बावीस वर्षांचा भाऊ एका ताटलीतून चापत बसली होती. पूर्वी म्हणाली, "भैया, अब मैं भी तेरी तरह लेट उठूँगी क्या?" दोघं वाढली चंडीगढमध्ये, त्यामुळे मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीतून येतं. आज मी त्यावरूनही बोलले नाही.

२६ फेब्रुवारी, सोमवार

अंशूची तपासणी सुरू झाली. देणारा निरोगी हवा. डॉक्टरांनी आम्हा तिघांना समोर बसवून प्रश्न विचारले. घरात टीबी? दमा? मधुमेह? कावीळ? मी सगळ्याला नाही म्हणून सांगितलं. मोहन प्रत्येक प्रश्नाला आठवत बसतो, म्हणून मीच उत्तरं दिली.

मला एकदा झाली होती, पण ती उतरली. आमच्याकडे चिपळूणला एकदा उतरली की तिचं नाव तोंडातून काढत नाहीत, नाव घेतलं की ती माघारी फिरते. शिवाय लग्नानंतर झालेली, सासरी कळता कामा नये म्हणून आईनं शपथ घातलेली. वीस-बावीस वर्षं पाळलेली गोष्ट मी डॉक्टरांच्या एका प्रश्नासाठी थोडीच मोडणार? आणि प्रश्न अंशूच्या रक्ताचा आहे, माझ्या नव्हे.

अंशूला सुईची भीती नाही. इथे गल्लोगल्ली रक्तदान शिबिरं होतात, त्याच्या ऑफिसच्या आयटी पार्कमध्ये तर दर तीन-चार महिन्यांनी. दरवेळी हा पहिला. मिळालेले बिल्ले पूर्वीनं त्याच्या कपाटाला चिकटवलेत.

१४ मार्च, बुधवार

काय लिहू?

अंशूच्या अंगात हेपॅटायटिस बी आहे. म्हणजे नाही, आणि आहे. नेहमीची तपासणी साफ आली होती. पण डॉक्टरांना दुसऱ्या एका तपासणीत काही खटकलं, म्हणून त्यांनी रक्त दिल्लीला पाठवलं. तिथून उत्तर आलं की विषाणू आहे, अगदी थोडा, यकृतात दडून बसलेला.

"घरात उंदीर दिसत नाही काकू, पण गव्हाच्या पोत्याला भोक पडलेलं असतं. तसं झालं. आम्हाला भोक दिसलं," डॉक्टर म्हणाले.

अंशूला स्वतःला त्याचा त्रास नाही. धोका आहे तो पूर्वीला. नवं बियाणं पेरायच्या आधी तिची सगळी प्रतिकारशक्ती औषधांनी पुसून टाकणार. त्या वेळी तो उंदीर तिच्या अंगात शिरला तर अडवायला कुणीच नाही. लिव्हर जाईल. दुसरा देणारा नाही. मोहनचं आणि माझं निम्मंच जुळतं.

मी विचारलं, "हे आलं कुठून?"

"सांगणं कठीण आहे. सुई, वस्तरा, रक्त. कधीकधी फार जुनं असतं, लहानपणचं, जन्मापासूनचंही."

"लहानपणी तो माझ्या नजरेखाली होता," मी म्हटलं. मग डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, घरात कुणाला कधी कावीळ झाली होती का, नीट आठवा. मी म्हटलं, आठवायचं काय त्यात, नाही म्हणजे नाही.

अंशू खिडकीबाहेर बघत बसला होता. त्याचे कान लाल झाले होते.

१५ मार्च, गुरुवार

वर्गात खडू कुणी फोडला, हे मी चेहऱ्यावरून ओळखते. अठरा वर्षांत एकदाही चुकले नाही. कुणी तरी केल्याशिवाय काही होत नाही. हेही आपोआप आलेलं नाही.

मागच्या वर्षी हा ऑफिसच्या टोळक्याबरोबर मनालीला गेला आणि दंडावर विंचू गोंदवून आला. रस्त्यावरच्या माणसाकडून! मी तेव्हाच आठवडाभर बोलले नव्हते. आणि ती जसलीन आहे, त्याच्याच कंपनीतली, मोटरसायकलवर मागे बसून जाते. पोरगी गोड आहे, पण मला तिच्या घरचं काय ठाऊक?

संध्याकाळी सरळ विचारलं. तो म्हणाला, "मम्मा, टैटू पिछले साल का है. डॉक्टर बोल रहे हैं, ये बहुत पुराना लग रहा है. मैंने कुछ नहीं किया, यार!"

आईला यार म्हणाला. मी म्हटलं, तोंड सांभाळ. तो न जेवता उठला.

२२ मार्च, गुरुवार

डॉक्टरांनी मार्ग काढलाय. अंशूला रोज एक गोळी. विषाणू दिल्लीच्या तपासणीतही सापडेनासा झाला की मग बियाणं काढायचं. पूर्वीलाही आधीपासून तीच गोळी द्यायची आणि नंतरही बरेच दिवस चालू ठेवायची. पण यात महिने जाणार. तोपर्यंत पूर्वीला दुसऱ्यांच्या रक्तावर तगवायचं आणि ताप येऊ द्यायचा नाही. ताप आला तर काय, हे डॉक्टरांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

मी अंशूचं ताट आणि पेला वेगळा केला. पेल्याच्या बुडाला पूर्वीच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला, म्हणजे चुकून बदलायला नको. डॉक्टर म्हणतात जेवणातून, पाण्यातून पसरत नाही. त्यांचं शिक्षण मोठं, कबूल. पण पोरगी माझी आहे.

अंशूनं पेला हातात घेतला, उलटा करून ठिपका पाहिला आणि पाणी प्याला. त्यानं भांडण काढलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

१ एप्रिल, रविवार

अंशू ब्लड बँकेत जाऊन स्वतःहून सांगून आला. इतकी वर्षं रक्त देत होतो आणि माझ्यात हे आहे. मला हे जसलीनकडून कळलं. ती दारात उभी राहिली, आत ये म्हटलं नाही म्हणून आत आली नाही. म्हणाली, "आंटीजी, वो सुखना लेक पे बैठा है. कह रहा है, पता नहीं किस-किस को दे दिया मैंने. आप एक बार फ़ोन कर लो ना जी."

मी फोन केला. पण तोंडातून निघालं भलतंच. म्हटलं, गावभर डंका पिटायला कुणी सांगितला होता? उद्या तुझ्या लग्नाचं काय? पलीकडून नुसता वाऱ्याचा आवाज येत होता. मग तो म्हणाला, "ठीक है मम्मा, आता हूँ."

खरं सांगायचं तर त्यानं केलं ते बरोबरच केलं. त्याच्या जागी मी असते तर माझी छाती झाली नसती. पण हे त्याला कसं सांगणार, आधी कबूल तर करू दे.

१३ एप्रिल, शुक्रवार

बैसाखी. शेजारच्या हरजीत भाभींनी कढी-चावल पाठवले. पूर्वीला परवापासून ताप आहे. ओठांच्या आत रक्ताचे फोड आलेत. रात्रीतून प्लेटलेट लागल्या, अंशूच्या कंपनीतली सहा-सात पोरं धावत आली. अंशू त्यांना ओळीत बसवत होता, पाणी देत होता, बिस्किटं देत होता. देऊ शकत नव्हता तो एकटाच. ब्लड बँकेची बाई ओळखीची, नेहमीच्या सवयीनं हसून म्हणाली, "आओ वीरजी, पहले आप." हा म्हणाला, "इस बार नहीं, जी." आणि तोंड फिरवून उभा राहिला.

मी त्याच्या हातातली बिस्किटं घेऊन पोरांना वाटली. तरी पण मनात आलंच, त्या विंचवानं काय करून ठेवलं बघ.

२९ एप्रिल, रविवार

ताप उतरला. देवा, तुझी मी फार मोठी ऋणी आहे, पण तूही जरा लवकर आटप.

पूर्वी हाडांचा सापळा झालीय. आज विचारत होती, "मम्मा, भैया को आप डाँटती क्यों हो? वो तो मुझे दे रहा है ना?" मी म्हटलं, तुला कळणार नाही. ती म्हणाली, "मुझे सब पता है. गिलास वाला भी."

भावाला चिपळूणला फोन केला. वामनदादा म्हणाला, सरले, अगं माळ आहे ना! पेठेतल्या सुमन मावशी गेल्या, पण त्यांची सून करते अजून. इतके दिवस मला कशी सुचली नाही? वायुसेनेतलं एक कुटुंब सुट्टीवरून परत येणार आहे, त्यांच्याबरोबर पाठवतो म्हणाला.

६ मे, रविवार

माळ आली. मुळ्यांचे तेच बारीक बारीक तुकडे, दोऱ्यात गाठी मारून ओवलेले, आणि वास तोच. वर्तमानपत्राची पुडी उघडली आणि क्षणभर मी चिपळूणच्या माजघरात जाऊन पोचले.

अंशू बनियनवर पंख्याखाली पडला होता. मोहन पूर्वीजवळ हॉस्पिटलात. मी म्हटलं, उठून बस, ही डोक्यावर ठेवायची आहे. आपोआप गळ्यात उतरते, मग रोज थोडी थोडी लांबते. गुडघ्याला टेकली की कावीळ उतरली.

"मम्मा, मुझे पीलिया हुआ ही नहीं है."

"आत आहे ना? मग ती बाहेर काढायला नको? हसू नकोस. मला याच माळेनं उतरलीय."

तो हसत होता तो थांबला. "आपको? कब?"

बोलून गेले होते, आता मागे कशाला घ्यायचं? आणि पोराच्याच भल्यासाठी नाव घेतलं तर ती काही माघारी फिरणार नाही. म्हणून सगळं सांगितलं. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून मी चिपळूणला गेले होते. आठवा महिना. एक दिवस आरशात पाहिलं तर डोळे हळदीसारखे. अन्नाचा वास सहन होईना. आई घाबरली, पण बाहेर कुणाला कळू दिलं नाही. सुमन मावशींनी माळ घातली, ऊस आणि ताक यांवर ठेवलं. माळ गुडघ्याला टेकते ना टेकते तोच माझ्या पोटात कळा सुरू झाल्या. "आणि तू झालास. गोरापान, टपोरा. अंगावर पिवळेपणाचा मागमूस नाही. सुमन मावशी म्हणाल्या, पोरी, पुरी उतरली बघ. मला त्यानंतर कधी साधी शिंकसुद्धा आली नाही."

तो आता उठून बसला. मग म्हणाला, "पापा को पता है?"

"त्यांना कशाला? ते इथे, नोकरी नवी. आईनं शपथ घातली होती."

"और पूर्वी के टाइम?"

"तेव्हा काही नाही. ती तर इथेच झाली, हॉस्पिटलात."

तो पुढे काही विचारील म्हणून मी थांबले. त्यानं मान खाली घातली आणि डोकं माझ्यापुढे केलं. "पहना दो, मम्मा." आवाज घोगरा होता, उन्हाचा बाहेर फिरतो ना! मी माळ ठेवली. त्यानं माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. लहानपणी ताप आला की असाच धरायचा.

मग म्हणाला, "ये माला वाली बात डॉक्टर से मैं कर लूँगा. आप मत बोलना, वो लोग हँसेंगे." आईला कुणी हसू नये म्हणून एवढी काळजी! मला बरं वाटलं.

७ मे, सोमवार

माळेनं एका दिवसात काम केलं!

सकाळी चहा पिताना अंशू आपणहून म्हणाला, "मम्मा, वो टैटू से ही हुआ होगा. मनाली में. सुई गंदी थी, मैंने देखा था."

दोन महिने मी विचारत होते, तेव्हा हा डॉक्टरांचे दाखले देत होता, बहुत पुराना है म्हणून. आणि आज एका वाक्यात कबूल. मी म्हटलं, मग तेव्हाच का नाही सांगितलंस? म्हणाला, "डर गया था." खडू फोडणारा शेवटी उभा राहिलाच. मला वाटलं होतं, तो कबूल करील त्या क्षणी माझा राग जाईल. तसं काही झालं नाही. उलट आता राग ठेवायला पक्की जागा मिळाली.

१६ मे, बुधवार

आठवड्यापूर्वी डॉक्टरांनी मोहनचं आणि माझंही रक्त घेतलं. म्हणाले, घरातल्या सगळ्यांचं बघून ठेवतो. मी म्हटलं, माझं काय बघायचंय? पण दिलं.

आज उत्तर आलं. मी पूर्वीपाशी होते, तेवढ्यात डॉक्टर मोहनशी आणि अंशूशी आत बोलत बसले. मी गेले तेव्हा तिघंही एकदम गप्प झाले. डॉक्टर उभे राहिले, मला खुर्ची दिली. म्हणाले, "काकू, तुम्हाला औषधाची काही गरज नाही. तुमच्या शरीरानं सगळं स्वतःच निभावून नेलं. छान तब्येत आहे तुमची." मी मोहनकडे पाहिलं, म्हटलं, ऐका, माझ्या पोत्यातला एक दाणा सडका निघणार नाही! अंशू हसला. मोहन हसला नाही.

घरी आल्यावर मोहननं मला चहा करून दिला. तेवीस वर्षांत पहिल्यांदा. साखर विसरला. मी विचारलं, काय बिनसलंय? म्हणाला, "काही नाही. तू एकटी होतीस तिकडे, ते आठवलं." कुठे एकटी, कधी, काही सांगेना. पुरुष म्हातारे व्हायला लागले की असंच होत असेल.

११ जून, सोमवार

दिल्लीच्या तपासणीत काही सापडलं नाही! उंदीर मेला, की बिळात गेला, डॉक्टर नक्की सांगत नाहीत. "आता थांबण्यात जास्त धोका आहे," एवढंच म्हणाले.

आज पूर्वीला काचेच्या खोलीत ठेवलं. केस आधीच काढून घेतले. रडली नाही. मी रडले, पण बाहेर येऊन, बेसिनपाशी. आता तिला आतून पुसून काढणार, आणि मग भरणार ते अंशूचं. मी सही केली तेव्हा माझ्या मनात काय होतं ते इथे तरी खरं लिहिते. मनात होतं, या पोराचं काही माझ्या पोरीत जाऊ नये. दोघं माझीच. तरी असं आलं मनात.

२१ जून, गुरुवार

झालं. सकाळी अंशूला भूल देऊन कमरेच्या हाडातून काढलं. दुपारी एक साधी रक्ताची पिशवी पूर्वीच्या खोलीत गेली. मला वाटलं होतं काही तरी मोठं दिसेल.

जसलीन दिवसभर अंशूच्या पायाशी बसून होती. तिनंही रक्त तपासून घेतलं, ते चांगलं निघालं, आणि लसही टोचून घेतली म्हणे. सगळं माहीत असून पोरगी पळाली नाही, एवढं मी मानलं. तो उठता बसता कण्हत होता. ती मला म्हणाली, "आंटीजी, आपका बेटा बहुत अच्छा है. आपको पता नहीं कितना." मी म्हटलं, मला नाही तर कुणाला पता असणार?

१९ जुलै, गुरुवार

पूर्वीच्या पेशी वाढायला लागल्या होत्या. सगळे आनंदात होते. आणि आज तिचे डोळे पिवळे दिसले.

काचेतून पाहिलं. अगदी तसेच पिवळे, चिपळूणच्या आरशातल्यासारखे. आणि तेव्हा मला एकदम वाटलं, की

नको. काय वाटलं ते लिहीत नाही. माझ्यात आणि पूर्वीत याचा संबंध काय? तिला आलंय ते अंशूकडून.

कॉरिडॉरमध्ये अंशू समोरून येत होता. मी कुठे उभी आहे, कोण बघतंय, मला भान राहिलं नाही. म्हटलं, तुझ्यामुळे! तुझ्या त्या विंचवामुळे माझी पोरगी जाणार! एक सुई तुला टाळता आली नाही? तो नुसता उभा राहिला. हात खाली, मान खाली. जसलीन पुढे आली, "आंटीजी, बस कीजिए, आपको तो ये भी नहीं पता कि..." अंशूनं तिचा हात धरला. "जस्सी, नहीं."

आणि मागून मोहन ओरडला. "सरला, पुरे! आता एक अक्षर बोलू नकोस." मोहन ओरडला! त्या लांबलचक कॉरिडॉरमध्ये सगळी माणसं वळून बघायला लागली. मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं तर तो रडत होता. अंशू त्याला हळूच बाजूला घेऊन गेला. "पापा, छोड़ो ना. प्लीज़."

सगळे माझ्यावर का उलटलेत? मी काय वाईट मागतेय, माझी मुलगी जगावी एवढंच ना.

२३ जुलै, सोमवार

विषाणू नाही. औषधांमुळे लिव्हर चिडलंय, औषध बदललं की डोळे निवळतील. डॉ. हेरंबांनी मला दोनदा सांगितलं, मी तिसऱ्यांदा विचारलं.

अंशू जिन्यावर बसला होता. त्याला सांगायला मी गेले, पण त्याला आधीच कळलं होतं. तो ओंजळीत तोंड घालून हमसून रडत होता. इतका मोठा मुलगा! मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. बोलले काहीच नाही. मला शब्द सापडले नाहीत, ही माझ्या बाबतीत नवी गोष्ट आहे.

१६ सप्टेंबर, रविवार

पूर्वी घरी आली. काल गणपती बसले. गर्दी नको म्हणून मंडळात गेलो नाही, घरातच छोटी मूर्ती आणली. ती तोंडाला मास्क लावून आरती म्हणत होती आणि डोक्यावर काळीभोर लव आलीय. गोळ्या बरेच महिने घ्याव्या लागतील, तपासण्याही. पण आता तिच्या अंगात वाहतंय ते रक्त तिच्या भावानं दिलेलं. गालांना रंग चढलाय.

आज मी मोदक वाढायला घेतले आणि अंशूचा पेला हातात आला. बुडाला तो लाल ठिपका. मार्चपासून रोज घासते, थोडा उडाला होता, पण होता. काय झालं कोण जाणे, मी पूर्वीकडून रिमूव्हर मागून घेतलं आणि ओट्याशी उभी राहून तो ठिपका पुसला. मग त्याच पेल्यात पाणी भरून अंशूसमोर ठेवलं.

मनावर दगड ठेवून किती दिवस राहायचं? चुकतात मुलं. सुई काय, विंचू काय, त्या वयात सगळ्यांना मर्दुमकी वाटते. आणि शेवटी त्यानंच बहिणीला वाचवलं. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "अंशू, झालं ते झालं. मी तुला माफ केलं."

मोहन हातातला मोदक ताटात ठेवून उठला आणि गॅलरीत गेला. पूर्वी भावाकडे बघत राहिली. अंशू पाणी प्याला, सगळं. पेला खाली ठेवला. मग उठून माझ्याजवळ आला, वाकला, पायांना हात लावला. आणि मम्मा नाही म्हणाला. एकेक शब्द सावकाश, लहान मूल धडा म्हणून दाखवतं तसा म्हणाला, "चुकलं माझं, आई."

माझे डोळे भरून आले. बावीस वर्षं मी त्याच्या मागे लागले होते, घरात मराठी बोल म्हणून. मनात आणलं तर किती स्वच्छ बोलतो.